मुंगीआत्याची साखर

ऐका बरं का. मुंगी निघाली बारशाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

मुंगीच्या भावाला मुलगी झाली होती. म्हणजे मुंगी झाली आत्या! बाळाचं नाव कोण ठेवणार? आत्या. बाळाचं तोंड कोण गोड करणार? आत्याच. म्हणून तर मुंगीच्या डोक्यावर साखरेचा दाणा. एकच, पण केवढा मोठा!

वाटेत वृंदामावशीचं स्वयंपाकघर. तिथे मुंगी अडखळली. टुप! दाणा गेला फरशीच्या फटीत.

मुंगीने ओढला. निघेना. मुंगीने ढकलला. आणखीच आत गेला.

"साखर नाही, तर बारसं नाही!" मुंगी रडली. खरंच रडली.

वृंदामावशी तिथेच पाटावर बसली होती. सकाळी तिने मिरच्या चिरल्या आणि मग चष्म्यावरच बसली. कडाड! चष्मा मोडला. आता तिला सगळं धुरकट.

"डॉक्टरांनी नव्या लेन्स दिल्यात, घालायला शिकवलंय," मावशी म्हणाली. "पण मला बाई भीती वाटते."

लेन्स म्हणजे डोळ्यात घालायचा इवलासा चष्मा.

मुंगी गेली डोळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बाळाला नाव मिळेना. डोळ्या डोळ्या, साखर बघ ना!"
डोळा म्हणाला, "कशी बघू? लेन्स आल्याशिवाय मी बघणार नाही."

मुंगी गेली लेन्सकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"डोळा बघेना, बाळाला नाव मिळेना. लेन्सबाई लेन्सबाई, डोळ्यात जा ना!"
लेन्स म्हणाली, "कशी जाऊ? बोटाने उचलल्याशिवाय मी जाणार नाही."

मुंगी गेली बोटाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"लेन्स जाईना, डोळा बघेना, बाळाला नाव मिळेना. बोटा बोटा, लेन्स उचल ना!"
बोट म्हणालं, "छे छे! मला मिरची लागलीय. डोळ्याला झोंबेल! साबण लावल्याशिवाय मी उचलणार नाही."

मुंगी गेली साबणाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बोट उचलेना, लेन्स जाईना, डोळा बघेना, बाळाला नाव मिळेना. साबणा साबणा, फेस कर ना!"
साबण म्हणाला, "कसा करू? पाणी आल्याशिवाय मी फेस करणार नाही."

मुंगी गेली पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"साबण फेस करेना, बोट उचलेना, लेन्स जाईना, डोळा बघेना, बाळाला नाव मिळेना. पाण्या पाण्या, धाव ना!"
पाणी म्हणालं, "कसं धावू? नळ सुटल्याशिवाय मी धावणार नाही."

मुंगी गेली नळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पाणी धावेना, साबण फेस करेना, बोट उचलेना, लेन्स जाईना, डोळा बघेना, बाळाला नाव मिळेना. नळा नळा, सूट ना!"
नळ म्हणाला, "कसा सुटू? हाताने फिरवल्याशिवाय मी सुटणार नाही."

मुंगी गेली मावशीच्या डाव्या हाताकडे. आता ती दमली होती. तुरु... तुरु...
"नळ सुटेना, पाणी धावेना, साबण फेस करेना, बोट उचलेना, लेन्स जाईना, डोळा बघेना, बाळाला नाव मिळेना. हाता हाता, नळ फिरव ना!"
हात म्हणाला, "आत्ता नाही. मी मांडीवर लोळतोय."

लोळतोय! मुंगीला असा राग आला, असा राग आला! ती हाताला चावली. कडक्!

"आई आई गं!" मावशी उठली. हात धावला नळाकडे.

हाताने फिरवला नळ. नळ सुटला. पाणी धावलं, खळखळ खळखळ. साबणाने फेस केला, फसफस फसफस. बोट धुतलं पुढून, मागून, नखाच्या आतून. मिरची गेली वाहून.

मग मावशीने हात पुसले. कशाला? पदराला!

"थांब!" लेन्स ओरडली. "पदराला पीठ. पदराला धागे. तसल्या बोटावर मी बसणार नाही!"

"अगं बाई! सवयच ती," मावशी म्हणाली.

पुन्हा नळ सुटला. पुन्हा पाणी, खळखळ. पुन्हा साबण, फसफस. बिचारी मुंगी वाट बघत बसली. या वेळी मावशीने घेतला धुतलेला नॅपकिन. हात झाले कोरडे.

"नळाच्या पाण्याने तुला धुऊ का गं?" मावशीने लेन्सला विचारलं.
"नको नको! मला माझं सोल्यूशनच हवं, बाटलीतलं."

मावशीने सोल्यूशन घातलं. टप टप टप. लेन्स बसली बोटावर. मावशीने अगदी जवळ धरून पाहिली.
"वाटीसारखी दिसतेस की ताटलीसारखी?"
"अय्या! ताटलीसारखी. मी उलटी झाले!"
मावशीने तिला हळूच सुलटी केली. आता दिसली वाटीसारखी. बरोब्बर!

मावशी घाबरली होती. तरी तिने डोळा मोठ्ठा केला. बोट आलं हळू... हळू... बसली लेन्स! लुकलुक, लुकलुक. मग दुसरी लेन्स. तीही अशीच नीट बघून, हळू हळू. लुकलुक, लुकलुक.

"अरेच्चा!" डोळा म्हणाला. "ही फरशी! ही फट! ही साखर!"

मावशीने बांगडीतली पिन काढली. फटीत घातली. टुण्! साखर वर!

"तुझ्यामुळे उठले गं मुंगे," मावशी म्हणाली. "पण चावलीस मात्र जोरात हं!"

"आणि मावशी," लेन्स म्हणाली, "झोपायच्या आधी मला काढायचं बरं का."
"हो. ताज्या सोल्यूशनमध्ये ठेवीन."
"काढताना हात?"
"धुऊन!"
"पुसायचे कशाने?"
"नॅपकिनने गं बाई, नॅपकिनने!"

मुंगी हे ऐकायला थांबलीच नाही. साखर डोक्यावर, आणि तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

वारुळात सगळे वाट बघत होते. पाळण्यात बाळ होतं, बिननावाचं. मुंगी वाकली बाळाच्या कानाशी.

"कुर्र्र! रेवडी!"

साखर लावली ओठांना. रेवडीने चाटली, मच् मच्.

आणि आत्याला काय मिळालं? बारशात आत्याला मिळतं तेच. सगळ्या मुंग्या आल्या आणि आत्याच्या पाठीत धपाधप, धपाधप, धपाधप!