बहिणीच्या वाट्याची झोप

एका राज्यात असा नेम होता, की उगवत्या सूर्याला पहिले अर्घ्य राजाच्या हातून पडले पाहिजे. राजा निजून राहिला आणि सूर्य वर आला, तर त्या वर्षी पाटांचे पाणी आटत असे. म्हणून तिथे लवकर उठणाऱ्याला पुण्यवान म्हणत, आणि उशिरा उठणाऱ्याच्या हातचे पाणीसुद्धा कोणी घेत नसे.

तिथल्या राजाचे नाव धृतवर्मा. त्याला दोन जुळ्या कन्या होत्या, थोरली कनकरेखा आणि धाकटी वनमाला. एका साच्यातून काढलेल्या जणू दोन मूर्ती. त्यांना वेगळे ओळखावे ते एकट्या राणीने. पहाटे मात्र दोघींनाही जाग येत नसे; दासी हलवून हलवून थकत. एक दिवस राजा म्हणाला, "जी आपण होऊन सूर्याआधी उठेल, तीच माझ्यामागे सिंहासनावर बसेल."

वनमाला हसली आणि विसरून गेली. कनकरेखेच्या मनाला ते लागून राहिले. ती सीमेवरच्या काळ्या डोंगरात अग्निशर्मा नावाच्या मांत्रिकाकडे गेली. त्याने तिच्या गळ्यात एक निळा मणी बांधला.

"हा मणी तुझी झोप हलकी करील," तो म्हणाला. "पण झोप नाहीशी होत नाही. तुझ्या वाट्याची झोप तुझ्या जुळ्या बहिणीवर पडेल. चालेल?"

कनकरेखा म्हणाली, "चालेल."

दुसऱ्या दिवसापासून ती पाखरांच्याही आधी उठू लागली. वनमाला दोघींची झोप झोपू लागली. उन्हे कलेपर्यंत तिचा डोळा उघडेना. लोकांनी थोरलीला उषादेवी म्हटले, धाकटीला आळसाची लेक. कनकरेखेने दोन्ही नावे ऐकली आणि ती गप्प राहिली.

मग राणी आजारी पडली. एका सकाळी तिचा श्वास अडकू लागला. तिने वनमालेला हाक मारली. दासींनी वनमालेच्या तोंडावर पाणी मारले, कानाशी शंख फुंकले. ती उठली नाही. राणी गेली. दुःखाने आंधळा झालेला राजा गरजला, "जिला आईची शेवटची हाक ऐकू आली नाही, ती माझी कोणी नव्हे." निजलेल्या वनमालेला पालखीत घालून सेवक दूरच्या माळावर मेंढपाळांच्या वस्तीत सोडून आले.

वर्षे गेली. कनकरेखेच्या अभिषेकाचा मुहूर्त ठरला. लोक तान्ही बाळे घेऊन तिच्याकडे येऊ लागले. एक बाई म्हणाली, "देवी, माझ्या लेकीच्या पापण्यांना हात लावा. ती तुमच्यासारखी व्हावी. त्या दुसरीसारखी नको."

कनकरेखेने हात पुढे केला, पण तो बाळापर्यंत पोचेना. लाजेने तिचे कान तापले. ती आत गेली आणि मणी तोडू लागली. दोरा तिच्या कातडीत रुतला होता, तो तुटेना. तेव्हा ती कोणाला न सांगता काळ्या डोंगराकडे निघाली.

अग्निशर्मा तसाच बसला होता.

"मणी काढा," ती म्हणाली.

"मी बांधतो. सोडवत नाही. तुला तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, बहिणीकडे जा आणि ती उठल्यावर पहिला शब्द काय बोलते ते ऐकून ये."

कनकरेखा तोंडावर पदर ओढून माळावर गेली. वनमाला उघड्यावर, एका सपाट खडकावर निजली होती. तिच्याजवळ गिरजा नावाची म्हातारी मेंढपाळीण लोकर पिंजत होती.

"आत झोपडीत का निजवत नाही?" कनकरेखेने विचारले.

"छपराखाली तिचा जीव घाबरतोय बाई. आभाळ लागतंय तिला," गिरजा म्हणाली. "गुणाची पोर हाय. जागी असली की चौघींचं काम करती."

उन्हे कलली. वनमालेने डोळे उघडले आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारले, "मला कोणी हाक मारली होती का?"

"न्हाई गं माय," म्हातारी म्हणाली. मग पाहुणीकडे वळून हळूच बोलली, "रोज हेच इचारती."

कनकरेखा उठली. तिला बहिणीकडे पाहवले नाही.

डोंगरावर परतल्यावर तिने ते शब्द सांगितले. मांत्रिक म्हणाला, "आता दुसरी गोष्ट. या गुहेत राहा. इथे सूर्य शिरत नाही, कोंबड्याची बांग पोचत नाही, आणि जिथे सूर्य नाही तिथे माझ्या मण्याची सत्ता नाही. भूक लागली की जेव, झोप आली की नीज. जाग आली की दाराशी बसलेल्या साळुंकीला वेळ विचार."

कनकरेखा गुहेत शिरली. तिथे दिवस नव्हता, रात्र नव्हती. ती निजली, आपोआप उठली आणि म्हणाली, "साळुंके, सूर्य कुठे आहे?"

"बराच वर. गुरे केव्हाच रानात गेली," साळुंकी म्हणाली.

पुन्हा निजली, पुन्हा उठली. साळुंकीचे उत्तर तेच. असे पुष्कळ वेळा झाले. मण्याची सत्ता नसता, दासी नसता, कनकरेखेला जाग येई ती सूर्य चांगला वर आल्यावरच. लहानपणी वनमालेला येई, अगदी तेव्हाच.

"म्हणजे आळस तिचा नव्हता," ती म्हणाली.

"आळस कोणाचाच नव्हता," साळुंकी म्हणाली. "एका गर्भातल्या दोघी तुम्ही. वेळ मोजणाऱ्या एकाच घटिकापात्राचे पाणी दोघींच्या अंगात आहे. जाग येण्याची वेळ रक्त ठरवते. आभाळ ती थोडी पुढेमागे सरकवते. तू मात्र सगळा भार तिच्यावर सरकवलास."

कनकरेखा भिंतीकडे तोंड करून बसली. अंधारात पाहणारे कोणी नव्हते, तरी तिने तोंड झाकले.

ती बाहेर आली तेव्हा अग्निशर्मा म्हणाला, "तिसरी गोष्ट. भर दरबारात बहिणीसमोर खरे सांग. सगळे सांगशील तेव्हाच मणी फुटेल."

अभिषेकाच्या दिवशी दरबार भरला. कनकरेखेच्या निरोपावरून मेंढपाळांनी निजलेल्या वनमालेला बाजेवर घालून आणले. लोक कुजबुजले. कनकरेखा सिंहासनाकडे न जाता बाजेजवळ उभी राहिली.

"मी उषादेवी नाही," ती म्हणाली. "माझी झोप ही झोपते आहे. मी मण्याच्या बळावर ती हिच्यावर टाकली. हिला आळशी म्हटले तेव्हा मी ऐकत होते."

मणी मात्र फुटला नाही.

राजा म्हणाला, "आणखी काही आहे?"

कनकरेखेची मान खाली गेली. "आहे. आईने वनमालेला हाक मारली, तेव्हा मी पुढे झाले. तिची दृष्टी मंदावली होती. 'आलीस माझी वनमाला,' म्हणून तिने माझ्या केसांतून हात फिरवला. मी कनकरेखा आहे असे मी सांगितले नाही. हिची झोप बिघडवली, आणि हिच्या वाट्याची मायाही मीच घेतली."

मणी तडकला आणि त्याची राख झाली. वनमालेने डोळे उघडले. सूर्य अजून माथ्यावरही आला नव्हता. शेवटचे शब्द तिच्या कानी पडले होते.

"म्हणजे मी गेले होते," ती पुटपुटली. "आईच्या लेखी मी तिच्याजवळ गेले होते."

राजा सिंहासनावरून उतरला आणि धाकट्या लेकीसमोर हात जोडून उभा राहिला. ज्या लोकांनी तिला नावे ठेवली होती, ते एकमेकांकडे न पाहता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वनमाला कोणी न उठवता सूर्याआधी उठली. इतकी वर्षे उघड्या आभाळाखाली काढल्याने तिच्या अंगातली वेळ सरकली होती. तिने अर्घ्य दिले, पाट भरून वाहिले, आणि सिंहासन तिचे झाले. तिने पहिली आज्ञा केली ती अशी: लवकर उठणाऱ्यांनी पहाटेची कामे करावीत, उशिरा उठणाऱ्यांनी संध्याकाळची, आणि झोपेवरून कोणी कोणाला हिणवू नये.

बंद महालात वाढलेली कनकरेखा उशिरा उठली. ती बहिणीसमोर येऊन खाली मान घालून उभी राहिली.

"मला क्षमा कर."

"आज जमणार नाही," वनमाला म्हणाली. "उद्याचे सांगवत नाही."

"मग मी जाऊ?"

सूर्य माथ्यावर आला होता. एकीने पोटावर हात ठेवला, त्याच क्षणी दुसरीनेही ठेवला. दोघींना एकाच वेळी भूक लागली होती, लहानपणी लागे तशी.

वनमालेने दासीला सांगितले, "पाने दोन वाढ."