रिकाम्या हातांची टेकडी

हिरडीटोला वस्तीवरच्या टेकडीत खाणीचं तोंड आहे, पण ते दिसत नाही. दिसतो तो नुसता दगडांचा ढीग. पाहुणे विचारतात, हे सरकारनं बुजवलं का? म्हातारे उरकुडाजी उपरण्यानं मान पुसतात. "सरकारनं? बसा, दम खा आधी," म्हणतात, आणि हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगायला घेतात.

पूर्वी इथं युरेनियम निघायचं म्हणे. टोल्याला तेव्हा बाजार होता, तंबूतला सिनेमा होता. माल संपला, साहेब गेले, मागे फोडलेल्या दगडांच्या राशी उरल्या. फुकटचा दगड! कोण सोडतो? अख्ख्या टोल्यानं त्याचीच घरं बांधली. देवकाबाई उईके सगळ्यांत हौशी. एकुलत्या एका मुलाच्या संसारासाठी तिनं एकेक दगड डोक्यावरून उतरवला. सुनेच्या खोलीत त्याच चुरीची जमीन केली, उन्हाळ्यात गार राहावी म्हणून.

त्या खोलीत सुनेची दोन लेकरं गेली. सून सायत्रा तिसऱ्यांदा गरोदर राहिली, तेव्हा खाणीतला एक जुना मजूर दारात थबकला. म्हणाला, "देवकाबाई, या दगडापाशी आम्हाले भाकर खाऊ देत नव्हते व. अन् तू यावर लेकरं निजवते?"

देवकाबाईनं भिंतीच्या दगडाला हात लावून पाहिला. मीच आणला, याच डोक्यावर आणला, एवढंच तिच्या मनात घुमत राहिलं. तिथंच तिनं नवस बोलला, असं सांगतात. पोर जन्मायच्या आत घराचा शेवटचा दगड खाणीच्या तोंडात जाईल. सुनेला तिनं नदीकाठच्या गवती झोपडीत नेऊन ठेवलं आणि भिंतीला पहार लावली.

लोक म्हणाले, "काहून मोडून राहिली व? सोडून दे ना घर."

"मी सोडलं, का तुम्ही उचलून न्याल," ती म्हणाली. खरंच नेलं असतं.

मुलगा मदतीला आला तर तिनं हात लावू दिला नाही. सात महिने ती एकटी चढत राहिली. मान वाकली, गुडघे सुजले, तरी खेप चुकली नाही. उंबऱ्याचा दगड शेवटचा. तो टाकून ती उतरली, तेव्हा झोपडीतून रडणं ऐकू येत होतं. नदीत अंग घासून ती दाराशी उभी राहिली. सायत्रा म्हणाली, "घ्या ना आत्या." देवकाबाईनं आधी दोन्ही तळवे उघडून दाखवले. "पाह्य. काही आणलं नाही, बाई." मग पोर घेतलं. दृष्ट लागू नये, ते जगावं म्हणून त्याचं नाव उरकुडा, म्हणजे उकिरडा, ठेवलं.

पाहुणे उरकुडाजींकडे बघतात. ते ढिगाकडे बघतात.

आजही टेकडीवर जाणारा प्रत्येक जण टोल्यातला एक दगड वर नेतो आणि उतरताना तळवे दाखवतो. निम्मी घरं अजून त्याच दगडाची आहेत, शाळाही. "माझ्यानं काही हा दगड सरत नाही आता," म्हणत उरकुडाजी टेकत टेकत उतरतात. शिवेवर त्यांची नातसून उभी असते. सातवा लागलाय तिला. ते काठी काखेत धरतात आणि दोन्ही हात तिच्यापुढे उघडतात.

"पाह्य, काही आणलं नाही, बाई."