एकाच बेटावर दोघांची सुट्टी

समुद्रकाठच्या एका संस्थानातल्या राजा-राणीला चार दिवस बेटावर जायचं होतं. राजाला एकांतात पक्षी पाहायचे होते, तर राणीला मैत्रिणींसोबत गाणं-बजावणं हवं होतं. दिवाणांना राजाच्या नौकेवर आपला मेहुणा नेमायचा होता. त्यांनी ती नौका चालवणाऱ्या धाकू तांडेलाला बजावलं, "दोघांनाही आवडेल असं एकच बेट शोध, नाहीतर तुझं सुकाणू गेलं."

धाकूने सगळ्यांना नारळीच्या एका बेटावर उतरवलं. राणीचे तंबू दक्षिणेला पडले, राजा उत्तरेला गेला. दुपारी भरतीने दोन्ही टोकांना जोडणारी मधली वाळू बुडाली आणि लाटांच्या आवाजात राणीकडची ढोलकी राजाला ऐकू येईना. संध्याकाळी ओहोटीला दोघं त्याच वाळूवर आनंदाने जेवायला बसली.

राणीच्या तंबूंकडून दिवाण तरातरा आले. "धाकू, भरतीत ही तर दोन बेटं झाली. अट एकाची होती."

धाकू नम्रपणे म्हणाला, "दिवाणजी, आपण आत्ता चालतच आलात. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कोणी चालत जातं का?"

राजाने हसत दिवाणांना भात वाढला. "लवकर जेवा. भरती आली तर परत न्यायला धाकूच लागेल."