वाटआबा आणि पालथी डोणी

एका गावात एक म्हातारा होता आणि या गोष्टीत जे काही वाईट झालं ते त्याच्यामुळे झालं. आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शेवटी कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. म्हातारं माणूस होतं हे खरं. पण चूक त्याचीच होती.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. मेंढ्या पुष्कळ, म्हणून कुत्रीही पुष्कळ. सहा दिवस कुत्री राबायची, मेंढ्या वळायची, खळी राखायची, लांडग्यावर भुंकायची. सातवा दिवस मात्र त्यांचा. त्याला गावात कुत्र्यांचा वार म्हणत. त्या दिवशी सकाळी दोर सैल सोडायचा. कुत्र्यानं पुढे चालायचं, माणसानं मागे. बांधावरून, रानातून, डोंगराच्या कडेनं मनसोक्त हिंडायचं, आणि हिंडणं संपायचं ते एखाद्या सराईत. माणसाला गार ताडी आणि गरम भाकरी, कुत्र्याला हाडूक. दोघांनी एकाच छपराखाली बसून खायचं.

पण सगळ्याच सरायांत कुत्र्याला आत घेत नसत. त्याची खूण ठरलेली होती. प्रत्येक सराईच्या दाराशी एक दगडी डोणी असायची. डोणी पाण्यानं भरलेली असली की कुत्र्यासकट आत या. पालथी असली की पुढे चालू लागा.

कोणती वाट भरल्या डोणीपाशी संपते हे गावात एकच माणूस सांगायचा. तोच हा म्हातारा. त्याला सगळे वाटआबा म्हणत. तरुणपणी तो खरोखरच अठरा सराया पायी हिंडून आला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग त्याचे गुडघे गेले आणि तो पारावर बसला. जेवायला-झोपायला घरी जायचा तेवढाच. चौदा वर्षांत त्यानं वेशीबाहेर पाऊल टाकलं नाही. तरी वाटा तोच सांगायचा, आणि तेही असं, की जणू काल संध्याकाळीच जाऊन आलाय.

गावाची रीत अशी होती, की फिरून आल्यावर पारावर जायचं, वाटआबाच्या गुडघ्याला हात लावायचा आणि म्हणायचं, "वाट गोड होती, आबा." वाट कशीही असो. दुसरं काही म्हणणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान. एकदा एक धनगर चाचरत म्हणाला होता, "आबा, तो पूल जरा..."

वाटआबानं हात वर केला. "गोड होती ना? मग झालं तर."

"गोड होती, आबा," धनगर म्हणाला. तो छातीपर्यंत ओला होता. पूल केव्हाच वाहून गेला होता.

म्हणजे म्हाताऱ्याला काहीच कळत नव्हतं असं नाही. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

बाकीचे तरी कुठले शहाणे! पहिल्यांदा उपाशी परत आलेल्या माणसानं दुसऱ्या खेपेला गुपचूप कमरेला भाकरी बांधून नेली. आठ दिवसांनी शेजाऱ्यानंही नेली. हळूहळू अख्खं गाव भाकरी लपवून फिरायला जाऊ लागलं. रानात कुठंतरी झाडाखाली बसायचं, कुत्र्याला अर्धी द्यायची, आपण अर्धी खायची आणि पारावर येऊन गोड म्हणायचं. प्रत्येकाला वाटायचं, आपलीच वाट चुकली असेल. विचारणार कुणाला? वडीलधाऱ्यांना?

त्या वर्षी गावात एक घोंगड्या विणणारी बाई नव्यानं राहायला आली. तरणी होती, एकटी होती, आणि तिच्याबरोबर करड्या नावाचा एक म्हातारा कुत्रा होता. करड्याला तेरावं वर्ष लागलं होतं. जन्मभर तो हाटाच्या बाहेर, दाराच्या बाहेर, मांडवाच्या बाहेर बसून तिची वाट बघत आला होता. कुत्र्यांच्या वाराबद्दल ऐकल्यावर विणकरणीला फार आनंद झाला. करड्याचे पाय पुरते थकायच्या आत एकदा तरी त्याला आत बसून जेवायला घालायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती पारावर गेली. "आबा, माझा कुत्रा म्हातारा आहे. त्याला झेपेल अशी वाट सांगा."

वाटआबानं मिशीवर हात फिरवला. "वडाची सराई. सपाट वाट आहे, पोरी. तुझं कुत्रं झोपेत चालेल. मध्ये तीन ओढे, मग थोडा कातळ, की आलीच सराई. दाराशी ही एवढी मोठी डोणी. काठोकाठ."

"ओढ्यांना पाणी असतं का चैत्रात?"

"ओढे म्हटलं मी. ओढ्याला काय दूध असतं?"

पार खो खो हसला. विणकरीणही हसली. मग तिनं सरळ मनानं विचारलं, "आबा, तुम्ही शेवटचं कधी गेला होतात तिकडं?"

हसणं थांबलं. गावच्या पाटलानं उपरणं झटकलं. "नवी आहेस म्हणून सोडून देतो. मोठ्यांना असं विचारतात होय?"

विणकरीण ओशाळली. कुत्र्यांच्या वारी सकाळी ती करड्याला घेऊन निघाली. भाकरी बांधली नाही, पाण्याचा भोपळा घेतला नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं, हात हलवले, आणि आपापल्या कमरेची भाकरी चाचपली.

पहिला ओढा कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यात नुसते धोंडे, आणि त्यांच्यावर सरडे. करड्या प्रत्येक ओढ्यात उतरायचा, वाळू हुंगायचा आणि तिच्याकडे बघायचा. मग कातळ लागला. थोडा कसला, कोसभर होता, आणि तव्यासारखा तापलेला. करड्या एकेक पाय उचलून धरू लागला. तिनं ओढणी फाडून त्याच्या चारी पायांना बांधली. "आलंच रे, आलंच," ती म्हणत राहिली. "काठोकाठ डोणी आहे म्हणे."

वडाची सराई आली. डोणी होती, मोठी होती आणि पालथी होती. तिच्यावर एक झेंडूची कुंडी ठेवलेली होती.

सराईवाला दारात आला. आत पांढऱ्याशुभ्र चटया अंथरल्या होत्या. "कुत्रं आत नाही," तो म्हणाला.

"पण आबांनी सांगितलं..."

"कुणी का सांगितलं असेना! मी ही सराई घेऊन आठ वर्षं झाली. डोणी मी पहिल्याच दिवशी पालथी केली. तुमच्या गावातून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी कुत्रं घेऊन येतं आणि मी दर वेळी हेच सांगतो. तुम्ही लोक एकमेकांशी बोलत नाही का हो?"

तिनं पाणी मागितलं. त्यानं तिच्यापुरता एक पेला दिला. तिनं तो ओंजळीत ओतून करड्यासमोर धरला. चार घोट झाले, संपले. सराईवाल्याला पेला परत देऊन ती वळली तर करड्या आडवा झाला होता. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर कान हलला, बाकी काही नाही.

विणकरणीनं त्याला कोकरासारखं खांद्यावर घेतलं. तिला आल्या वाटेनं, कातळावरूनच, परत फिरायचं होतं. पण करड्यानं तिच्या मानेवरूनच तोंड दुसरीकडं वळवलं, उताराच्या बाजूला. नाक हलायला लागलं. तिनं कातळाकडं पाऊल टाकलं की तो अंग आकसून कण्हायचा. उताराकडं वळली की गप्प.

"बरं बाबा," ती म्हणाली. "आतापर्यंत म्हाताऱ्याचं ऐकलं, आता तुझं ऐकते. तूही म्हाताराच."

ती उतरू लागली. पायथ्याशी शिंदीची झाडं दिसली, मग झावळ्यांचं छप्पर दिसलं, आणि छपराच्या दाराशी डोणी. भरलेली. इतकी भरलेली की एक पिवळा कुत्रा तिच्यात चक्क बसला होता.

"अगं बाई! टाक त्याला, टाक आधी पाण्यात!" आतून एक जाडजूड सराईवाली धावत आली. "ऊठ रे पिवळ्या, पाहुणा आलाय!"

दोघींनी मिळून करड्याला डोणीत ठेवलं. सराईवालीनं त्याच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घातलं. एक तांब्या, दोन, पाच. सातव्या तांब्याला करड्यानं डोळे उघडले. मग तो पाणी पिऊ लागला. लप लप लप, किती वेळ तो आवाज थांबलाच नाही. विणकरीण डोणीच्या काठावर बसली आणि रडली, आणि सराईवालीनं तिला खुशाल रडू दिलं.

जेवताना करड्या आत होता. तिच्या पायांशी, सावलीत, तोंडात हाडूक. कुणी हाड् म्हटलं नाही.

"चार वर्षं झाली मला इथं सराई घालून," सराईवाली ताडीचा गडू पुढे करत म्हणाली. "वर तुमच्या गावची कुत्री केकाटत परत जाताना ऐकू येतात. मी खालून हाका मारते, अहो, इकडं या! एकजण एकदा वाकून बघून म्हणाला, आबांनी सांगितलेली वाट इथंच संपते. आणि गेला!"

"उपाशी?"

"अर्थात उपाशी. पण आज्ञाधारक."

परत जायला शिंदीबनातून सावलीची वाट होती. खरोखरच सपाट. ती दिवेलागणीच्या आत गावात पोचली.

पारावर रांग लागली होती. एकेकजण पुढे होत होता, गुडघ्याला हात लावत होता. "वाट गोड होती, आबा." "वाट गोड होती, आबा." तिच्या पुढे कुंभार उभा होता, काखेत दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन. "पुढच्या वारी याला पहिल्यांदा नेणार आहे, आबा. सोपी वाट सांगा."

"वडाची सराई," वाटआबा म्हणाला. "पिल्लू झोपेत चालेल."

विणकरणीनं पिल्लाकडं पाहिलं. तांबूस, पोट फुगलेलं, पंजे एवढेसे. मग तिचा नंबर आला. तिनं गुडघ्याला हात लावला.

"वाट कडू होती, आबा."

रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली.

"काय म्हणालीस?" वाटआबानं हात वर केला.

"हात खाली घ्या, आबा. तीन ओढे कोरडे आहेत. कातळ कोसभर आहे. सराईत कुत्रं घेऊन आठ वर्षं कुणी आत गेलेलं नाही. डोणी पालथी आहे, तिच्यावर झेंडू आहे. माझा कुत्रा मरता मरता वाचला, तो खाली शिंदीबनातल्या भरल्या डोणीमुळे. हे पिल्लू वाचणार नाही."

"उद्धट!" पाटील ताडकन उठला. "अरे, चौदा वर्षांत या पारावर असं कुणी बोललं नाही! मी स्वतः जाऊन आलोय वडाच्या सराईला! काय गोड वाट आहे..."

तो बोलत असताना करड्या त्याच्याजवळ गेला होता. पोट भरलेलं असलं तरी कुत्रं ते कुत्रं. त्यानं पाटलाच्या कमरेला नाक लावलं, उपरणं दातांत धरलं आणि ओढलं. अर्धी भाकरी आणि सुकटीची पुडी पारावर पडली.

ते बघून बाकीच्या कुत्र्यांना राहवेना. प्रत्येकानं आपापल्या धन्याच्या कमरेला तोंड घातलं. धनगराची भाकरी पडली. सुताराची पडली. पुजाऱ्याच्या सोवळ्यातून चक्क कांदा घरंगळला. सगळा पार भाकऱ्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी भरून गेला आणि सगळे एकमेकांकडं बघत राहिले.

आधी धनगर हसला. "पाटील, तुम्हीसुद्धा?"

"मी... म्हणजे... वाटेत लागली तर असावी म्हणून..."

"मला सांगितलेली सराई तर जळून गेलीय! तीन वर्षं झाली!" सुतार ओरडला.

"मी कुठं जातच नाही," पुजारी म्हणाला. "आमराईत झोपतो आणि येतो."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. लोक डोळे पुसत होते, एकमेकांच्या पाठी थोपटत होते. जड घोंगडी अंगावरून उतरावी तसं वाटलं सगळ्यांना. चौदा वर्षं प्रत्येकजण समजत होता, की आपणच बावळट, आपल्यालाच सराई सापडत नाही. कुंभारानं पिल्लाला छातीशी धरलं आणि विणकरणीला म्हणाला, "ताई, ती शिंदीबनातली वाट सांग."

हसला नाही तो एकटा वाटआबा. "मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"मी सांगत होतो, आबा," धनगर म्हणाला. "पुलाचं. तुम्ही हात वर केलात."

वाटआबानं पायाशी पडलेला भाकरीचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग त्यानं विचारलं, "ताडी कशी आहे तिथली?" कुणी ऐकलं नाही. सगळे विणकरणीभोवती जमले होते.

पुढच्या आठवड्यात कुंभारानं मातीच्या लहान लहान डोण्या भाजल्या, एकेका सराईची एकेक, प्रत्येकीवर खूण काढलेली. जो फिरून येईल त्यानं स्वतः पाहिलं असेल तसं करायचं. पाणी होतं, तर उताणी. नव्हतं, तर पालथी. तरण्यानं केलं काय नि थोरानं केलं काय, दोन्ही सारखंच. करड्या त्यानंतर दोन पावसाळे जगला आणि शेवटपर्यंत आत बसून जेवला.

या गोष्टीचं तात्पर्य: मोठ्यांचा मान राखायला खोटं बोलाल, तर मान त्यांना मिळेल आणि तहानेनं तडफडेल ते तुमच्या मागून येणारं पिल्लू. वाट कडू असेल तर कडू म्हणा.

डोण्या ठेवायला पारावर एकच सपाट जागा होती. ती वाटआबाची होती. ती गेली.