चारशे चिरलेल्या गाठी

"आणि ही कुठली?" भैरूबुवांनी विचारलं.

"मेळघाटातली. ऐनाच्या पानावरची." शिदोजीने पानाकडे बघितलंसुद्धा नाही.

झोपडीपुढच्या घोंगडीवर त्याने वाळक्या पानांचा बाजार मांडला होता. प्रत्येक पानावर गाठ. कुठे बाजरीएवढी, कुठे बोराएवढी. किडा पानावर अंडी घालतो, पान फुगतं आणि त्या गाठीत त्याचं पिल्लू वाढतं. तीन वर्षं शिदोजी हेच गोळा करत मुलूखभर हिंडला होता.

नाद बुवांनीच लावला होता. ते झाडपाल्याचे वैद्य. "पानांवरच्या गाठी ओळखायला शीक, मग झोळी देतो," म्हणाले होते. औषधाची झोळी खांद्यावर आली, की माणूस वैद्य. तोवर नुसता चेला.

"ही?"

"करंज, वेंगुर्ल्याकडचा. पानाला गोवर आल्यासारखं दिसतंय बघा."

"ही तर आपल्या उंबराची."

"उंबराचीच, पण बीडकडची. टणक आहे. आपल्याकडची मऊ असते. झाड तेच, पण मुलूख बदलला की गाठ बदलते. आणि ऐनावरचा किडा उंबरावर सोडा... उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही."

"जावयासारखा मानी दिसतोय."

शिदोजी हसला. त्याची छाती फुगली होती. बुवांची नजर खुंटीवरच्या झोळीकडे गेली, तशी ती आणखी फुगली.

"आत काय असतं रे?"

"कुठे पिवळी अळी, कुठे पांढरी. एकीत एकटीच, तर एकीत डझनभर. चारशे गाठी चिरल्या, बुवा. हाताला लागली ती सोडली नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बुवांनी एक पान उचलून उन्हात धरलं. चिरलेल्या गाठीतून ऊन आरपार आलं.

"मग किडा बाहेर कसा पडतो?"

शिदोजीने दुसरं पान उचललं. उलटसुलट करून पाहिलं.

"पानाच्या वरून, की खालून? भोक पाडून येतो, की गाठ आपणच उकलते? पंख कसे असतात त्याचे?"

शिदोजीचे कान तापले. चारशे घरं फोडली होती, पण दारातून बाहेर येताना एकालाही पाहिलं नव्हतं. तो मुकाट्याने पानं गोळा करू लागला. तीन वर्षं पाण्यात गेली. झोळी तर गेलीच.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. गुडघ्यावर हात देत उठले आणि त्याला ओढतच झोपडीमागच्या उंबराखाली घेऊन गेले. एक फांदी हाताशी आली होती. तिच्या पानावर एक गाठ होती, हिरवीगार, मिटलेली.

बुवांनी त्याच्या कमरेचा चाकू काढून घेतला आणि दूर गवतात भिरकावला.

"बस."

शिदोजी बसला. गाठीकडे बघत राहिला. बराच वेळ गेला.

"किती दिवस लागतील, बुवा? आणि... झोळी?"

भैरूबुवांनी धोतर सावरलं आणि ते कण्हत त्याच्या शेजारी टेकले.

"सरक तिकडे. मीही अजून पाहिलेलं नाही."