भैरूची शेवटची कांडी

“पण सर, गाईची बीजनळी शुक्राणूंना धरूनच ठेवते ना? मग आपण संध्याकाळपर्यंत थांबायचं कशाला?”

डॉक्टर नीळकंठ हुडगे उभ्यानंच विचारत होता. मोटारसायकलला बांधलेलं थंड नळकांडं त्यानं अजून सोडलं नव्हतं.

पटणे सर गव्हाण झाडत होते. तीस वर्षं त्यांनी जनावरांचे डॉक्टर घडवले. आता गावाबाहेर चार देवणी गाई सांभाळत राहत होते.

नळकांड्यात भैरू वळूच्या गोठवलेल्या वीर्याची एकच कांडी उरली होती. भैरू मरून सहा वर्षं झाली होती. आधीची कांडी नीळकंठनं मागच्या महिन्यात वापरली. सकाळी माज दिसला, सकाळीच गाय भरवली. गाय उलटली, गाभण राहिली नाही.

आज तीच गाय, रतनी, पुन्हा माजावर आली होती. तिच्या मालकीण महानंदाबाई तिला पहाटेच चालवत घेऊन आल्या होत्या आणि दावं धरून कडुलिंबाखाली बसल्या होत्या.

“किती वेळ धरते नळी?” सरांनी विचारलं.

“एक दिवस. थोडं जास्तच. माझा प्रबंधच आहे त्यावर. शुक्राणू नळीच्या भिंतीला डोकं टेकवून राहतात. बीजांड सुटायची वेळ झाली की भिंत त्यांना थोडे थोडे सोडते.”

“हे ताज्या वीर्याचं झालं. वर्षानुवर्षं गोठलेलं तेवढं टिकतं?”

नीळकंठनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“दुपारी माझी गाडी आहे, सर. परिसंवादात याच विषयावर बोलायचंय.”

“सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेस ना ते चिकटलेले? काय करत होते?”

“काहीच नाही. शेपूट तेवढं हळू हलत होतं.”

“आणि सुटे होते ते?”

“ते पळत होते.” नीळकंठ जरा थांबला. “ते आधी मेले.”

“लिहिलंस हे?”

“आकडे लिहिले...”

सरांनी खराटा ठेवला. कडुलिंबाखाली एक पोतं अंथरलं आणि पोत्याकडे नुसतं बोट केलं.

नीळकंठ बसला. घड्याळ बघत बसला.

बऱ्याच वेळानं महानंदाबाई आपणहून बोलल्या. “भैरूला आमच्या मालकांनी बाटलीनं दूध पाजून वाढवला. मालक गेले अन् चार महिन्यांत तोबी गेला.”

“हं,” नीळकंठ म्हणाला.

“चालताना तो मान जराशी डावीकडं टाकायचा. मालकबी तसेच चालायचे. कुणी कुणाचं उचललं, काय ठाऊक...”

त्यांनी रतनीच्या पाठीवरून हात फिरवला.

“तेवढं एकदा बघायचंय, डाक्टर. अंगणातून चालत येताना.”

गाडीची वेळ झाली. गेली. नीळकंठनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

“मागच्या महिन्यात मी घाई केली, मावशी.”

“ठाऊक हाय मला,” महानंदाबाई म्हणाल्या. “म्हणून तर सरांना म्हटलं, पुन्हा या डाक्टरांनाच बोलवा. एकदा चुकलेला माणूस आता जपून करंल.”

...

ऊन उतरलं. रतनी आता शांत उभी होती. सोट, माजाचा चिकट स्राव, काचेसारखा नितळ लोंबत होता. सरांनी स्वतः पाणी कोमट केलं. नीळकंठनं कांडी वितळवली, हात घातला आणि एरवीपेक्षा कितीतरी हळू बीज आत सोडलं.

“आता, सर?”

“आता ती जाणे.”

एकविसाव्या दिवशी रतनी माजावर आली नाही. बेचाळिसाव्याही नाही. नीळकंठ रोज महानंदाबाईंच्या दारावरून जायचा. आत जायचं धाडस होत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात सर म्हणाले, “चल.”

महानंदाबाईंच्या गोठ्यात नीळकंठनं कोपराच्या वरपर्यंत हात घालून तपासायला सुरुवात केली. बोटं गर्भाशयाच्या उजव्या बाजूवर येऊन थांबली. ती बाजू फुगली होती. मऊ होती. जरा दाबलं की आतलं पाणी हलत होतं.

भैरूचं वासरू होतं.

नीळकंठनं हात बाहेर काढला नाही. त्याचे डोळे भरून आले.

महानंदाबाईंनी दाव्यावरची मूठ आवळली.

“डाक्टर...?”

तो तसाच उभा.

सर म्हणाले, “सांग की रे त्यांना. किती वाट बघायला लावशील?”