थापीचा धोंडा

कातळोलीच्या वेशीवर एक काळा, गोल, चपटा धोंडा आहे. थापलेल्या भाकरीवर उमटतात तसे पाच बोटांचे ठसे त्यावर दिसतात. गड चढायला आलेली मंडळी त्यावर बसून नाचणीची बिस्किटं खाऊ लागली, की म्हातारे धर्माजी शिगवण त्यांना उठवतात. "तब्येतीला बरी म्हणून खाताय ना? खा. पण खाली बसून." आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी इथे राघो नावाचा कुणबी होता म्हणे. डोंगरउतारावर नाचणी पिकवायचा, तीच खाऊन वाढलेला. त्या काळी भात खाणारा तो मोठा आणि नाचणी खाणारा तो रानटी, अशी समजूत होती. त्याच्या लेकीला खाडीकाठच्या भातवाल्यांचं स्थळ आलं, तेव्हा त्याने छातीठोक सांगितलं, आमच्या घरात नाचणी शिरतच नाही. पाहुण्यांसाठी त्याने बियाण्याचं भात कांडलं आणि आपल्या आईला, आवडीला, त्या दिवशी वर नाचणीच्या माळावरच थांबायला सांगितलं.

पण राघोला भात सोसत नसे. मुलगा उपाशी राहील म्हणून आवडी भर दुपारी नाचणीची भाकरी घेऊन खाली आली, ती नेमकी पाहुणे वेशीवर पोचले तेव्हाच. व्याह्याने विचारलं, "ह्या कोन?"

"कामाची बाय हाय," राघो म्हणाला.

"व्हय, कामाचीच," म्हातारी म्हणाली. भाकरी वेशीवर ठेवून ती माळाची वाट चढू लागली.

व्याह्याने भाकरी उचलून हुंगली आणि परत ठेवली. "आमीबी सनालाच भात खातो. रोज हीच." राघोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सोयरीक जुळली. आवडीने राघोला कधी बोल लावला नाही. मात्र त्या दिवसापासून घरात असेल नसेल तो भात ती त्याच्याच पानात वाढी, आणि आपली नाचणी पाठ फिरवून खाई. राघोचं पोट दुखे, पण 'आये, भाकर दे' म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं. वेशीवर तशीच पडून राहिलेल्या भाकरीलाही हात लावायला तो धजेना. म्हातारी वारली त्या दिवशी त्याने ती भाकरी उचलू पाहिली, तर तिचा दगड झाला होता, असे सांगतात. तिथेच त्याने रडत गावाला शपथ घातली.

आजही कातळोलीत सोयरीक ठरायची, तर बापाला आधी या धोंड्यापाशी आपल्या आईचा हात धरून पाहुण्यांना सांगावं लागतं, "ही माजी आय, ही आमची भाकर." बहुतेकांचा आवाज खालीच राहतो. मग मागून कुणी म्हातारं म्हणतं, "मोठ्यानं बोल. वर माळापातूर जाऊंदे."